बारा अंड्यांचं यंत्र आणि ताप मोजायचं थर्मामीटर

एप्रिलमधल्या एका रात्री मुंगसाने आमची खुडूक कोंबडी नेली. आम्ही भांडुप पश्चिमेला कोकण नगरच्या वरच्या अंगाला राहतो. बैठं घर, मागे दहा पावलांचं अंगण, त्यामागे डोंगर, आणि डोंगरापलीकडे नॅशनल पार्क. मुंगूस इथे आमच्याआधीपासून आहे, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? सकाळी खुराड्यात मूठभर पिसं होती आणि सात अंडी. हात लावला तर अंडी अजून कोमट. रवणाचा, म्हणजे ती अंड्यांवर बसल्याचा, चौदावा दिवस होता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकोणीस वर्षं झाली, रोज सकाळी पहिलं काम म्हणजे इनक्युबेटरचं, ठरावीक ऊब राखणाऱ्या कपाटाचं, तापमान वहीत लिहिणं. सदतीस अंश, सही, तारीख. त्या सकाळी लॅबमधलं ते कपाट डोळ्यांसमोर आलं, हे कबूल करते. पण लोकांच्या लघवीचे कल्चर जिथे वाढतात तिथे अंडी ठेवायची नाहीत एवढी अक्कल शाबूत होती. सातही अंडी कापसात गुंडाळून डब्यात घातली आणि डबा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी एकेक अंडं कानाला लावून बघितलं आणि डबा उचलून मागच्या दारी नेला. काही बोलल्या नाहीत. त्याच रात्री मी मोबाइलवरून बारा अंड्यांचं इनक्युबेटर मागवलं.

किंमत ३,२९९ रुपये, घरपोच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण लिहून उपयोग नाही. हेच गोल, पिवळ्या बुडाचं, वर पारदर्शक झाकण असलेलं यंत्र चार वेगवेगळ्या नावांनी आणि चार वेगवेगळ्या किमतींना विकायला आहे. फोटो मोठा करून बघा, बटणांची जागासुद्धा तीच. तेव्हा नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगते. मे, जुलै आणि डिसेंबर अशा तीन खेपा मी त्यावर काढल्या. जुलैत त्याच्या शेजारी दिरांनी बनवलेला थर्माकोलचा डबाही चालवला. त्यामुळे बोलायला थोडा अधिकार आहे.

खोक्यातून काय निघतं ते आधी. खालचं भांडं, त्यात पाण्याचे दोन खोलगट पन्हाळ, अंड्यांची गोल चकती, ती फिरवणारी छोटी मोटर, वर झाकण. पंखा, हीटर, डिस्प्ले सगळं झाकणातच बसवलेलं. ही गोष्ट चांगली आहे. झाकण बाजूला ठेवून खालचं भांडं साबणाने घासून उन्हात वाळवता येतं. अंडी फुटल्यावर आणि पिल्लं निघाल्यावर आत जो चिकचिकाट होतो तो बघितलात की हे का सांगते ते कळेल. ज्या यंत्रात वायरी बुडाशी आहेत ते घेऊ नका. त्यातली घाण निघत नाही, आणि पुढच्या खेपेची अंडी त्या घाणीत सडतात.

वाईट गोष्ट म्हणजे प्लग. दोन चपट्या पट्ट्यांचा परदेशी प्लग, सोबत एक ढिला अडॅप्टर. आमच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि खोलीत कोणी जोरात चाललं की सुटतो. एकवीस दिवस रात्रंदिवस चालवायचं यंत्र असं लटकत ठेवायचं? दिरांनी पहिल्याच दिवशी तो प्लग कापून आपला साधा पाच अँपियरचा लावला. वॉरंटी गेली असणार. जाऊ दे.

पुस्तिका एका पानाची. तिचं मराठी नाही, इंग्रजीही धड नाही. त्यात दोनच गोष्टी ठासून लिहिलेल्या: तापमान ३७.८ अंश आधीच लावून दिलेलं आहे, हात लावू नका; आणि दोन्ही पन्हाळ कायम पाण्याने भरलेले ठेवा. मे महिन्यात मी दोन्ही गोष्टी आज्ञाधारकपणे पाळल्या. लॅबमध्ये नव्या आलेल्या कुठल्याच यंत्रावर मी असा विश्वास टाकत नाही. घरी आल्यावर माणसाचं काय होतं कोण जाणे.

मेच्या खेपेत बारा अंड्यांतली दोन पिल्लं निघाली, तीही एकविसाव्या दिवशी नाही, तेविसाव्या. पंचविसाव्या दिवशी उरलेली अंडी मी मागच्या मोरीवर एकेक करून फोडली. नाकाला मास्क, हातात ग्लव्ज, सवयीचं काम. चार अंडी कोरी, म्हणजे नर न लागलेली. दोन सुरुवातीलाच थांबलेली. आणि चार अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली. पिसं आलेली, नखं आलेली, अंग फुगलेलं आणि ओलंगिच्च, अंड्याच्या रुंद टोकाशी असते ती हवेची पोकळी जेमतेम रुपयाएवढी. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "बुडून मेली गो ती." मी त्या वेळी हो-ला-हो केलं. नंतर हिशेब मांडला तेव्हा कळलं की त्यांचं अक्षरशः बरोबर होतं.

आधी तापमानाचं. पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस लागतं. पंखा नसेल तर आत वर गरम खाली गार असे थर पडतात, म्हणून अंड्यांच्या वरच्या कडेला मोजून ३८.५ च्या आसपास ठेवावं लागतं. अर्धा अंश खाली गेलं तर पिल्लू उशिरा निघतं, अशक्त निघतं. वर जाणं त्याहून वाईट. चाळिशी ओलांडून तापमान थोडा वेळ जरी राहिलं तरी खेळ संपतो. गारठा मात्र अंडं बराच सोसतं. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा उठून दाणे टिपायला जातेच. सगळा खेळ एका अंशाच्या आत, आणि यंत्राचा सेन्सर तर शेंगदाण्याएवढा, झाकणात हीटरजवळ चिकटवलेला. तो स्वतःजवळचं तापमान सांगतो. अंड्याजवळचं सांगत नाही.

मग मी ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर काढलं. घरात असतंच, दीडदोनशे रुपयांचं. माणसाच्या तापाचा पट्टा आणि अंड्याच्या उबेचा पट्टा जवळजवळ एकच आहे, आणि त्या पट्ट्यात हे थर्मामीटर एक दशांशापर्यंत बरोबर सांगतं. बाजारात 'इनक्युबेटर थर्मामीटर' म्हणून जे चौकोनी काळं डबडं मिळतं ते मी दोन घेऊन पाहिलं. दोघांत एक पूर्णांक चार अंशांचा फरक. एक छोटी झिपची पिशवी घ्या, त्यात अंड्यात मावेल इतकं पाणी भरा, पिशवी अंड्यांच्या मध्ये ठेवा, चार तास थांबा, आणि थर्मामीटरचं टोक त्या पाण्यात बुडवून मोजा. वारा आणि पंख्याची झुळूक यांचा त्या पाण्यावर लगेच परिणाम होत नाही, तसाच अंड्याच्या आतही होत नाही. माझ्या यंत्राच्या डिस्प्लेवर ३७.८ होतं. पिशवीत ३६.७.

म्हणजे मेची सगळी खेप मी एका अंशाहून जास्त गारठ्यात काढली होती.

सुदैवाने या यंत्रात दुरुस्तीची सोय आहे, पुस्तिकेत ती नीट सांगितलेली नाही एवढंच. सेटचं बटण दाबून धरलं की आतला मेन्यू उघडतो: ए-एल म्हणजे किती खाली गेलं की ओरडायचं, ए-एच म्हणजे किती वर, ए-एस आर्द्रतेच्या इशाऱ्याचं, आणि सी-ए म्हणजे दाखवणं आणि खरं यांतला फरक भरायची जागा. मी सी-ए मध्ये वजा १.१ भरलं. यंत्र स्वतःला गार समजू लागलं आणि जास्त तापवू लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, ३७.६. विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा, की तापमानाची दुरुस्ती करता येते का. ज्या स्वस्त यंत्रात नुसतं वर-खाली बटण आहे त्यातही चालवता येतं. डिस्प्लेवर मुद्दाम ३८.९ लावून ठेवायचं, झालं. पण मग घरातलं कोणीतरी शहाणपणा करून "अगं हे जास्त झालंय" म्हणत खाली आणतं.

आणखी एक. मधल्या अंड्यांपाशी ३८ आणि कडेच्या अंड्यांपाशी ३७.२ असा फरक मला मिळाला, कारण पंखा बरोबर मध्यावर आहे. म्हणून मी रोज रात्री जेवण झालं की मधली तीन अंडी कडेला आणि कडेची तीन मध्ये करते. दोन मिनिटांचं काम.

आता पाण्याचं. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे. मुंबईत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नाशिक-पुण्याच्या लोकांना माझा आकडा लागू नाही.

अंडं उबत असताना त्याच्या कवचातून पाणी वाफ होऊन जायलाच हवं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के कमी व्हायला हवं, म्हणजे हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. पिल्लू कवच फोडायच्या आधी पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. आत फार दमट ठेवलं तर पाणी जात नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं आणि श्वासाला जागाच उरत नाही. बुडून मरतं म्हणजे हेच. त्यासाठी पहिले अठरा दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के पुरते, आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, म्हणजे आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटत नाही.

जुलैत माझ्या खोलीत २९ अंश आणि ८५ टक्के दमटपणा. तीच हवा यंत्रात शिरून ३७.५ पर्यंत तापते. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून तेवढ्याच बाष्पाचे टक्के कमी दिसतात. गणित केलं तर ८५ चे साधारण ५३ होतात. म्हणजे यंत्रात पाण्याचा एक थेंब न घालता, नुसत्या भांडुपच्या हवेवर, पुस्तकात लिहिलेली आर्द्रता आपोआप मिळते! मे महिन्यातही जवळजवळ तेच. आणि मी दोन्ही पन्हाळ भरून आत ७० टक्के करून ठेवले होते. सासूबाई तेव्हा, पहिल्याच दिवशी, म्हणाल्या होत्या, "पाणी कित्याक ओततंस गो? हय भिंतींका घाम इलो हा." त्यांच्याकडे ना मीटर ना तक्ता. मी मात्र पुस्तिका वाचून दाखवली होती त्यांना.

डिसेंबरात उलट. रात्री कोरडं वारं, खोलीत २७ अंश आणि ४५ टक्के. यंत्रात ते २५ वर येतं. तेव्हा एक पन्हाळ रोज भरावा लागला, आणि शेवटच्या तीन दिवसांत दोन्ही पन्हाळ भरून वर एक ओला स्पंजचा तुकडा. झाकण न उघडता पाणी घालायला बाहेरून एक भोक आहे, त्याला मी जुन्या सलाइनची नळी लावली. छान चालते.

यंत्राच्या आर्द्रतेच्या आकड्यावरही विसंबू नका. तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात घरातलं मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून चिखल करा, विरघळून टाकू नका. ते झाकण आणि आर्द्रतामापक हवाबंद डब्यात सहा-आठ तास ठेवा. आत ७५ टक्के व्हायलाच हवेत. माझ्या शंभर रुपयांच्या मापकाने ६९ दाखवले, मग मी त्याच्या पाठीवर पेनने 'अधिक ६' लिहून टाकलं. पण सगळ्यात खरं मीटर म्हणजे स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा वजनकाटा. जुलैच्या खेपेची अंडी सरासरी ४४ ग्रॅमची होती, गावठीच ती, लहानखुरी. अठराव्या दिवशी ३८.८. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास. त्या दिवशी मला कळलं की या वेळी पिल्लं निघणार.

अंडी फिरवण्याचं थोडक्यात. बलक वर तरंगत राहतो आणि अंडं हलवलं नाही तर वाढणारा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हाताने फिरवायचं तर दिवसातून निदान तीनदा. तीन, पाच असा विषम आकडा ठेवायचा, म्हणजे रात्रीची लांब मुदत रोज एकाच कुशीवर जात नाही. मी सकाळी सात चौदाच्या लोकलने जाते आणि संध्याकाळी सातला येते, तेव्हा आपोआप फिरवणारी चकती हवीच होती. दोन तासांनी मोटर घुर्र करते, चकती सरकते. तिच्यासाठी हजारभर रुपये जास्त गेले ते वसूल आहेत. घरात दिवसभर कोणी असेल तर साधं घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली अंडी आणा. अठराव्या दिवशी फिरवणं बंद करायचं, चकती बाहेर काढायची. इथे आणखी एक खोट: खालचं प्लास्टिक गुळगुळीत आहे, ओलं पिल्लू त्यावर उभं राहायला गेलं की पाय दोन्हीकडे फाकतात आणि मग तसेच राहतात. मेच्या दोनांतलं एक त्यापायी गेलं. ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची रबरी मॅट कापून खाली अंथरा. वीस रुपयांत होतं.

जुलैतली अंडी गावाहून आणली. जाऊबाई तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीहून आल्या, भाताच्या तुसात बसवलेली चोवीस अंडी मांडीवर घेऊन. दादरला उतरून भांडुपची लोकल पकडताना दोन फुटली. प्रवास झालेली अंडी लगेच यंत्रात टाकू नयेत, निमुळतं टोक खाली करून दिवसभर निवांत ठेवावीत. साठवण्याबाबत पुस्तकं सांगतात की सात दिवसांपर्यंत, १३ ते १८ अंशांत. मुंबईत ते तापमान आणायचं कुठून? फ्रिज फार गार, खोली फार गरम. खोलीत अंडं अर्धवट जागं होतं आणि मरतं. सासूबाईंनी रिकाम्या माठात ओली वाळू घालून त्यावर अंडी ठेवली, तोंडाला फडकं. तरीही मी चार-पाच दिवसांच्या वर थांबत नाही. दुकानातली पांढरी अंडी उबवायला ठेवू नका हे सांगायला नको, त्या पोल्ट्रीत कोंबडा नसतोच. पण माझ्या मुलाने चोरून एक ठेवलं होतं म्हणून सांगितलं. ऑनलाइन कडकनाथची 'काळी अंडी' म्हणून काही विकत असतील तर तेही सोडा. कडकनाथ काळा, त्याचं मांस काळं, पण अंडं तपकिरी-फिक्कट असतं. आणि गावाकडे कोणी नसेल तर आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे आधी चौकशी करून बघा.

आता दिरांचा डबा, कारण तुमच्यापैकी निम्मे तोच करणार. "वहिनी, तीन हजार कशाला घालवलेस? मी आठशेत करून देतो." मासळी बाजारातून बर्फाचा थर्माकोलचा खोका फुकट आणला, तीनदा धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवूनही त्याला बांगड्याचा वास यायचा. लॅमिंग्टन रोडवरून तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा डब्ल्यू-१२०९ नावाचा थर्मोस्टॅट, बारा व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, अडॅप्टर, आणि घरातला साठ वॅटचा पिवळा बल्ब. खोका बंद करून चालू केला तर तापमान ३७.५ वर जाऊन ३५.५ पर्यंत उतरायचं आणि मग बल्ब पेटायचा. दीर म्हणाले, असंच असतं. मी म्हटलं, असं नसतं. त्या थर्मोस्टॅटमध्ये पी-१ नावाची सेटिंग आहे, किती उतरल्यावर पुन्हा पेटायचं ती, आणि कारखान्यातून ती दोन अंशांवर येते. ०.२ केली आणि काटा बसला. हे यूट्यूबवरच्या कितीतरी भावांनी सांगितलेलं नाही, फक्त जोडणी दाखवतात आणि "मित्रांनो, लाइक करा".

तर जुलैत बारा अंडी यंत्रात आणि दहा थर्माकोलमध्ये, शेजारी शेजारी, शिलाई मशीनवर. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पंख्यांची घरघर आणि दर थोड्या वेळाने थर्मोस्टॅटच्या रिलेची, म्हणजे आतल्या स्विचची, टिक. सोळाव्या रात्री टिक थांबली. मी झोपेत, कोणाला कळणार? पहाटे पाचला बघितलं तर बल्ब उडालेला, आत ३०.२ अंश. यंत्राला अलार्म आहे. त्याने कधी रात्री तीनला उगाच ओरडून शिव्याही खाल्ल्यात, पण निदान ओरडतो. डब्याला तोंड नाही. डबा करणार असाल तर एकाऐवजी दोन लहान बल्ब समांतर जोडा, एक गेला तर दुसरा तारून नेतो. रिले चिकटून बल्ब कायमचा पेटून राहिला तर मात्र अंडी उकडतात, त्यावर दोन बल्बांचा उपयोग नाही.

सातव्या रात्री अंडी पारखली. मोबाइलचा टॉर्च, त्यावर पुठ्ठ्याची नळी, दिवे बंद. जिवंत अंड्यात लाल कोळी बसल्यासारखा दिसतो, मध्ये ठिपका, भोवती शिरा. कोरं अंडं नुसतं पिवळं उजळतं. रक्ताची गोल कडी दिसली तर गर्भ गेला. यंत्राला एक पारखायचा दिवा दिलेला आहे, तो गावठी अंड्याच्या जाड तपकिरी कवचापुढे निकामी आहे.

विसाव्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला लॅबमध्ये फोन केला. "आयकलंस? आतसून बोलतत." त्यांना ती अंडी कोमट पाण्यात सोडून बघायची होती, गावाला तशी रीत आहे, जिवंत अंडं पाण्यात थरथरतं. मी फोनवरूनच हात जोडले, झाकण उघडू नका म्हणून. कवचाला पहिली चीर गेल्यापासून बाहेर यायला पिल्लू बारा ते चोवीस तास घेतं. त्या वेळात झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते. मदत करायला जाऊ नये, आतल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त त्याला अजून ओढून घ्यायचं असतं. पिल्लाच्या पोटात बलक असतो, दोन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. अंग सुकेपर्यंत आतच राहू द्यावं. हे सगळं मला माहीत होतं, तरी एकविसाव्या दिवशी मी रजा टाकली. कारण लिहिलं 'घरगुती'.

यंत्रातून आठ निघाली. बारांतली दोन कोरी, एक कडीवालं, एक चीर पाडून थकलं. डब्यातून दहापैकी चार. दिरांना मी काही म्हटलं नाही, सासूबाई म्हणाल्या, "बांगड्याच्या वासान पळाली असतली." डिसेंबरात घरच्याच कोंबड्यांची अंडी होती, बारातली नऊ.

विजेचा खर्च विचाराल तर प्लगला लावायच्या मीटरवर जुलैची अख्खी खेप १२ युनिटांत आटपली. वीज गेली तर घाबरू नका, झाकण उघडू नका, यंत्रावर गोधडी टाका, हवेची भोकं सोडून. आमची एकदा पावणेदोन तास गेली, अंड्यांना काही झालं नाही. यंत्राला बॅटरीसाठी बारा व्होल्टचं वेगळं तोंड आहे, ते मी वापरलेलं नाही. ठेवायची जागा मात्र नीट निवडा. खिडकीचं ऊन पडतं तिथे नको, गॅसच्या ओट्याजवळ नको, छताच्या पंख्याखाली नको.

आणि यंत्र मागवायच्या आधी एक विचार करा, जो मी केला नाही. पिल्लं निघतील, मग? पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. लसी द्यायच्या, राणीखेत या रोगाची आधी. आणि निम्मे कोंबडे निघतात. आमच्या बारांत सात निघाले. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये हे जमेल असं मला वाटत नाही, बाल्कनी कितीही मोठी असो. आमच्या चाळीत समोरचे काका पहाटे चारच्या बांगेवर उठून पहिली लोकल गाठतात आणि खूश आहेत. त्यांच्या वरच्या अंगाच्या वहिनी नाहीत. दोन कोंबडे गावाला राखणीला, म्हणजे राखणदाराच्या मानाला, गेले, तिघांचं थर्टी फर्स्टला वडे-सागोती झालं. मुलगा त्या दिवशी फक्त वडे जेवला.

पाचपैकी साडेतीन तारे. एक प्लगसाठी कापला, अर्धा त्या पुस्तिकेसाठी. डिस्प्ले खोटं बोलतो त्याचा मी तारा कापत नाही, सगळेच बोलतात. तीन-साडेतीन हजारांत यापेक्षा बरं मला दिसलेलं नाही, पण न तपासता वापरलंत तर दिरांचा आठशेचा डबा त्याला सहज हरवेल. मुंगसाला खुराड्याबाहेर ठेवता येत असेल आणि दारात कोंबडी खुडूक बसलेली असेल, तर काहीच घेऊ नका. जानेवारीत आमची तांबडी खुडूक बसली तेव्हा रात्रीच्या अंधारात मी तिच्या पोटाखाली डिसेंबरातली चार पिल्लं सरकवायचा विचार केला होता, पण ती तोवर मोठी झाली होती.

सध्या यंत्र खालच्या गल्लीतल्या एका ताईंकडे उसनं गेलंय, त्यांना बटेर काढायचे आहेत, सतरा-अठरा दिवसांचं काम. ताप मोजायचं थर्मामीटर कुठलं ते सासूबाईंना परवा कळलं, आणि त्या म्हणाल्या, "हेच माझ्या तोंडात घालतंस?" नवं आणलं. जुनं ताईंच्या यंत्राला दोऱ्याने बांधून दिलं आहे.